शीतगृहात उणे सहा अंश कुठून आले?

वाचकाचं पत्र:

'हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. संत्र्याच्या शीतगृहांसाठी आम्ही तापमान-नियंत्रणाची पेटी बनवतो. आत लिनक्सचा बोर्ड, आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवर एलएम७५ जातीचा तापमानाचा सेन्सर, काँप्रेसर चालू-बंद करणारा रिले आणि आर्द्रतेचं एक मॉड्यूल. तिन्हींचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना लिनक्सशी बोलतं करणारे प्रोग्रॅम, तीन वेगळ्या माणसांनी लिहिलेत, त्यातले दोघं आता पुण्याला गेले. रिलेचा ड्रायव्हर काहीही चुकलं की मायनस एक परत करतो. आर्द्रतेवाल्याने स्वतःचा तक्ता केलाय: १ म्हणजे सेन्सर नाही, ५ म्हणजे चेकसम (डेटा शाबूत आला का ते पडताळायचा आकडा) चुकला, असा. तापमानाचा ड्रायव्हर तर चूक कळवतच नाही. काटोलहून तक्रार आली की पडद्यावर मधूनच उणे ६ येतं, काँप्रेसर बंद पडतो आणि माल तापतो. एकदा उणे ११० सुद्धा दिसलं. लाइट जाऊन आली की कधी सेन्सरच सापडत नाही, पुन्हा बंद-चालू केलं की सापडतो. फील्डवरचा टेक्निशियन म्हणतो, "रिले अडला का सुडो लावतो न मॅडम, चालते मंग." (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं.) मी सरांना म्हटलं, सगळ्या ड्रायव्हरांचे एरर कोड एकसारखे करू. ते म्हणाले, हार्डवेअर नीट लावलं की एरर येतच नाहीत, कोड कोणताही असो. मी इथे नवीन आहे. हा वाद घालावा का?'

— हिंगण्याची वाचक, नागपूर

उत्तर:

घाला. फक्त 'कोड एकसारखे हवेत' या मुद्द्यावर घालू नका. तसं म्हटलं की सीनियर माणसाला वाटतं, नव्या पोरीला नीटनेटकेपणाचं वेड आहे, आणि तो चहा मागवतो. वाद काटोलच्या उणे सहावर घाला. ते तापमान नाहीच, तो एरर कोड आहे.

लिनक्समध्ये प्रत्येक एररला ठरलेला आकडा आणि नाव असतं, त्याला एररनो म्हणतात, आणि ड्रायव्हर तो ऋण करून परत करतात. त्यात ६ म्हणजे ईएनएक्सआयओ, 'असं उपकरण किंवा पत्ता नाही'. आयटूसीच्या बसवर सेन्सरचा पत्ता पुकारला आणि पलीकडून होकार आला नाही, तर अडॅप्टरच्या (बस चालवणाऱ्या चिपच्या) ड्रायव्हरने हाच कोड द्यावा, असं कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आयटूसी दस्तऐवजात लिहिलेलं आहे. ११० म्हणजे ईटाइम्डआउट, 'मुदत संपली'. पडद्यावरचे दोन्ही आकडे त्या यादीत जसेच्या तसे सापडावेत हा योगायोग मला पटत नाही. काँप्रेसरच्या हादऱ्याने कनेक्टर क्षणभर सुटत असणार. सेन्सर गप्प, कर्नलचा आयटूसी स्तर इमानदारीने -६ वर पाठवतो, आणि तुमचा ड्रायव्हर त्याला अंश समजून पडद्यावर नेऊन बसवतो.

तुमचा कोड माझ्यासमोर नाही, पण घोळ बहुधा एकाच ओळीत असेल: आयटूसीवरून बाइट वाचणाऱ्या कर्नल फंक्शनचं उत्तर थेट आठ बिटांच्या साइन्ड (-१२८ ते १२७ एवढंच मावणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये घेतलेलं. ते फंक्शन यशस्वी झालं तर ० ते २५५ मधला आकडा देतं, फसलं तर ऋण आकडा. म्हणजे खरोखरचे उणे सहा अंश तिथून २५० (२५६ वजा ६) होऊन येतात आणि 'सेन्सर बोलत नाही' हा निरोप -६ होऊन येतो. पूर्ण इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या मोठ्या जागेत, दोघं स्वच्छ वेगळे असतात. आठ बिटांत कोंबले की २५० चेही -६ होतात आणि -६ तर -६ असतातच. तिथून पुढे ते वेगळे ओळखणं कुणाच्याच हातात नाही. -११० देखील आठ बिटांत मावतो म्हणून तोही दिसला, पण उणे एकशेदहा अंश कुणाला खरे वाटणार? उणे सहा वाटतात, शीतगृह आहे म्हटल्यावर. संत्र्याला सहा-सात अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. कंट्रोलरला वाटलं फार गार झालं, त्याने काँप्रेसर थांबवला. बाहेर नागपूरचा मे महिना असेल तर पुढचं सांगायला नको.

दुरुस्ती लहान आहे. उत्तर आधी इंटमध्ये घ्या, शून्याहून कमी असेल तर आहे तसंच वर परत करा, नसेल तरच आठ बिटांत उतरवा. त्याहून बरं म्हणजे तापमान वाचणाऱ्या फंक्शनचा परतावा फक्त यश-अपयशासाठी राखून ठेवा आणि अंश पॉइंटरमधून (मेमरीतल्या जागेच्या पत्त्यातून) वेगळे द्या. जी राशी स्वतःच ऋण असू शकते तिला एरर कोडच्या परताव्यात बसवू नये. (एलएम७५साठी कर्नलमध्ये एचडब्ल्यूमॉन या हार्डवेअर-देखरेखीच्या विभागाचा तयार ड्रायव्हर आहे, तो मिलिअंशांत तापमान देतो. तो सोडून स्वतःचा का लिहिला, हे विचारायला तो माणूस आता जागेवर नाही. तुमच्या सेन्सरला चालत असेल तर तोच लावा आणि सुटा.)

सेन्सर गप्प झाल्यावर काँप्रेसर चालू ठेवायचा की ठरावीक मिनिटांनी चालू-बंद करायचा, हा निर्णय वरच्या ॲपचा. ड्रायव्हरने तो घ्यायचा नाही. त्याने फक्त 'मला माहीत नाही, आणि का नाही ते हे' एवढं खरं सांगायचं.

आता रिले. मायनस एक म्हणजे 'काहीतरी चुकलं' असा समज यूजर स्पेसच्या, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅमांच्या, सवयीतून आलेला दिसतो. तिथे रीड, राइट फसले की -१ देतात आणि खरं कारण एररनो नावाच्या व्हेरिएबलमध्ये असतं. कर्नलच्या आत मात्र तो आकडाच कारण असतो, आणि १ हे ईपर्मचं घर आहे, म्हणजे परवानगी नाही. ड्रायव्हरने -१ परत केला की सी लायब्ररी एररनोमध्ये १ ठेवते आणि टर्मिनलवर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' उमटतं. तुमच्या टेक्निशियनने ते वाचलं आणि त्याच्या जागी कुणीही शहाणा माणूस करेल तेच केलं. दुसऱ्यांदा चालवल्यावर रिले हलला, तो तसाही हलणार होता, पण श्रेय सुडोला गेलं. आज काटोलपासून नरखेडपर्यंत तुमच्या किती पेट्यांत ॲप रूट म्हणून, म्हणजे पूर्ण अधिकाराने, चालतंय ते एकदा मोजा. त्याला बोल लावू नका, कर्नलने त्याला खोटं सांगितलं.

आर्द्रतेवाल्याचा तक्ता सगळ्यात धोकादायक, कारण तो दिसतो व्यवस्थित. रीडमधून धन ५ परत गेला की त्याचा अर्थ 'पाच बाइट वाचले' असा होतो. चेकसम चुकतो तेव्हा ॲपला कळतं की सगळं उत्तम आहे, आणि ते बफरमध्ये जे काही पडलेलं असेल त्यातले पाच बाइट आर्द्रता म्हणून घेतं. तक्ता फेकू नका, त्यातली माहिती चांगली आहे. पण वर जाताना सेन्सर नसेल तर ईएनएक्सआयओ आणि चेकसम चुकला तर ईबॅडएमएसजी (बिघडलेला संदेश) द्या. आयटूसीच्या दस्तऐवजातही चुकीच्या पॅकेट एरर कोडसाठी (बसवरच्या चेकसमसाठी) तोच सुचवलाय. तुमचा तपशीलवार आकडा लॉगमध्ये किंवा सिसएफएसच्या (कर्नल आपली माहिती फाइलींतून दाखवतो त्या जागेच्या) एखाद्या फाइलमध्ये ठेवा.

कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये यासाठी एक साधा नियम आहे. फंक्शनचं नाव काम सांगत असेल, 'रिले चालू कर' असं, तर त्याने यशाला ० आणि अपयशाला ऋण एररनो द्यावा. नाव प्रश्नासारखं असेल, 'रिले चालू आहे का', तर खरं-खोटं द्यावं. दोन्ही प्रकार एका फाइलमध्ये मिसळले की वाचणारा 'इफ रेट' (रेट म्हणजे परताव्याचं व्हेरिएबल) ही ओळ पाहून थबकतो: इथे शून्य चांगलं की वाईट? पॉइंटर परत करणाऱ्या फंक्शनांत आणखी एक फाटा आहे. काही अपयशाला नल (रिकामा पत्ता) देतात, काही एरर पॉइंटर, म्हणजे पत्त्यांच्या अगदी टोकाच्या ४०९५ किमतींत दडवलेला एररनो. एरर पॉइंटरवाल्याला नलसाठी तपासलं तर तपासणी प्रत्येक वेळी पास होते आणि कर्नल पुढच्या ओळीला कोसळतो. कोणतं फंक्शन काय देतं हे नावावरून ओळखता येत नाही, दरवेळी बघावंच लागतं.

लाइट जाऊन आल्यावर सेन्सर न सापडण्याचं कोडं मला यातलं सगळ्यात रंजक वाटलं. तुमच्या बोर्डवर सेन्सरची वीज रेग्युलेटरमार्फत (व्होल्टेज सांभाळणाऱ्या चिपमार्फत) येत असेल तर प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर उपकरण सुरू करतो त्या फंक्शनमध्ये, काय होतं बघा. ड्रायव्हर रेग्युलेटर मागतो. रेग्युलेटरचा स्वतःचा ड्रायव्हर अजून उठलेला नसेल तर उत्तर येतं ५१७, ईप्रोब डिफर: 'आत्ता नाही, थोड्या वेळाने ये.' ही सोय २०१२ पासून, लिनक्स ३.४ पासून आहे. हा कोड ड्रायव्हरने तसाच परत केला तर कर्नल त्याला थांबलेल्यांच्या यादीत ठेवतो आणि नंतर पुन्हा प्रोब करतो. पण तुमच्या ड्रायव्हरमध्ये 'काहीही चुकलं की ईनोडेव्ह' असं लिहिलेलं असेल, आणि माझी पैज आहे की असेलच, तर कर्नलला कळतं की हे उपकरण नाहीच, आणि तो पुन्हा विचारायला येत नाही. पुढच्या बूटला मॉड्यूल उठण्याचा क्रम जरा बदलला, रेग्युलेटर आधी आला, सेन्सर सापडला. म्हणून बंद-चालू करण्याचा तोडगा चालतो, आणि म्हणूनच हे कधी नीट पकडलं जात नाही. सरांना सांगा, इथे हार्डवेअरचं काहीही बिघडलेलं नाही.

तुमच्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे. खालून आलेला कोड वाटेत कुणीतरी बदलला, गिळला किंवा दुसऱ्या कशात मिसळला. म्हणून आकडे एकसारखे दिसावेत यासाठी धडपडू नका. खालच्या स्तराने दिलेला एररनो हात न लावता वर पोचतो का, एवढंच प्रत्येक ओळीला विचारा. वाट पाहताना सिग्नल (कंट्रोल-सीसारखा मध्येच अडवणारा निरोप) आला तर ईरीस्टार्टसिस मिळतो, तोही तसाच जाऊ द्या. कर्नल त्यावरून सिस्टिम कॉल (ॲपने कर्नलकडे केलेली मागणी) पुन्हा सुरू करायचा की यूजरला ईइंटर (मध्येच अडवलं) द्यायचा ते ठरवतो. तिथे कुणी 'आयओ एरर' लिहून ठेवला की कंट्रोल-सी दाबल्यावर हार्डवेअर मेल्याचा संदेश येतो.

काही जागा मात्र अशा आहेत की तिथे कोड बदलावाच लागतो, कारण खालून येतो तो एररनो नसतोच. यूजरच्या मेमरीत कॉपी करणारं फंक्शन किती बाइट राहिले ते सांगतं. तोच आकडा परत केला तर पुन्हा आर्द्रतेवाल्याची गत होते, तिथे स्वतः ईफॉल्ट (पत्ता चुकीचा) लिहायचा. कंप्लीशनची (काम झाल्याच्या खुणेची) मुदतीसह वाट पाहणारं फंक्शन मुदत संपली की ० देतं, आणि आपल्याकडे ० म्हणजे यश! तिथे ईटाइम्डआउट लिहायचा. आयटूसी ट्रान्सफर किती संदेश गेले ते सांगतं. दोन पाठवले आणि एकच गेला तर उत्तर १ येतं, ऋण नाही, त्यामुळे फक्त 'शून्याहून कमी' तपासणाऱ्याला काही कळत नाही. तिथे ईआयओ (आयओ एरर) लिहायचा. रनटाइम पॉवर मॅनेजमेंटचं (उपकरण गरजेनुसार झोपवण्या-उठवण्याच्या सोयीचं) 'गेट सिंक' उपकरण आधीच जागं असेल तर १ देतं, आणि फसलं तरी वापराची मोजणी वाढवून ठेवतं. ही जोडी भल्याभल्यांना फसवून गेली आहे. नव्या कर्नलमध्ये त्याऐवजी 'रिझ्यूम अँड गेट' आहे, ते वापरा. आणखी एक म्हणजे ५२४, ईनॉटसप (ही सोय नाही). हा कर्नलच्या आतला कोड, बाहेर गेला की यूजरला 'अननोन एरर ५२४' एवढंच दिसतं. बाहेरच्यासाठी ९५, ईऑपनॉटसप. न ओळखलेल्या आयओसीटीएलला (ॲपने ड्रायव्हरला दिलेल्या खास आज्ञेला) ईनॉटटीवाय (ही आज्ञा इथे लागू नाही) द्यायचा, ईइनव्हॅल (चुकीची किंमत) नाही.

आवराआवरीबद्दल थोडक्यात. प्रोब अर्ध्यावर फसला तर घेतलेलं सगळं उलट्या क्रमाने सोडायचं, लग्नाचा मांडव उतरवतात तसं. त्यासाठी गोटूची लेबलं (कोडमध्ये उडी मारायची ठिकाणं) लावा किंवा डेव्हएमची, म्हणजे घेतलेलं आपोआप सोडणारी, फंक्शनं वापरा. ती २००७ पासून आहेत आणि लहान ड्रायव्हरला पुरतात. गोटूच्या पद्धतीत एकच नेहमीचा खड्डा आहे: लेबलवर उडी मारण्याआधी रेटमध्ये एरर भरायचा राहतो. आधीच्या यशाचा ० तिथे तसाच पडलेला असतो, सगळं आवरून झाल्यावर तोच परत जातो, आणि कर्नलला वाटतं प्रोब यशस्वी झाला. स्मॅच हे कोड न चालवता तपासणारं साधन अशा जागा शोधून देतं. तिन्ही ड्रायव्हरांवर एकदा चालवून बघा.

लॉगबद्दल माझं मत जरा कडक आहे. प्रत्येक स्तराने छापू नये. जो निर्णय घेतो त्याने एकदा छापावं, आणि आकड्यासकट छापावं. 'सेन्सर रीड फेल्ड' एवढ्यावर काटोलहून फोनवर काहीच कळत नाही. प्रोबसाठी लिनक्स ५.९ पासून 'डेव्ह एरर प्रोब' आहे. ते कोड छापतं, तोच परत देतं, आणि डिफरच्या वेळी लॉग न भरता थांबण्याचं कारण डीबगएफएसमध्ये (तपासणीसाठीच्या फाइलींच्या जागेत) नोंदवून ठेवतं.

आता सर. 'एरर येतच नाहीत' असं म्हणणाऱ्याशी चर्चेने काही होत नाही. पेटी टेबलावर ठेवा, ॲप चालू करा आणि त्यांच्यादेखत सेन्सरची वायर काढा. पडद्यावर उणे सहा उमटलं की निम्मं काम झालं. मग कर्नलमधली फॉल्ट इंजेक्शनची सोय चालू करून मेमरी मागणी मुद्दाम फसवा आणि प्रोबच्या कोणत्या वाटेवर काय होतं ते दाखवा. त्या वाटा आजवर कुणी चालूनच पाहिलेल्या नाहीत, म्हणून त्यात एरर 'येत नाहीत'. तुमच्या टीमची लाज काढण्याचा यात प्रश्न नाही. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये लिनक्सच्या फाइल सिस्टिम आणि स्टोरेज ड्रायव्हरांत एरर कोडचा प्रवास तपासला, तेव्हा सुमारे १३ टक्के कॉलमध्ये कोड वाटेतच हरवत होता. तो कोड जगभरच्या नावाजलेल्या लोकांनी लिहिलेला होता.

सर एका बाबतीत मात्र बरोबर ठरू शकतात, आणि ते त्यांनी म्हणायच्या आधी तुम्ही म्हणा. बाहेर गेलेल्या पेट्यांतलं ॲप आजच्या चुकीच्या कोडवर विसंबून असू शकतं. २०१२ च्या डिसेंबरात कर्नलच्या एका व्हिडिओ ड्रायव्हरच्या बदलात आयओसीटीएलकडून ईइनव्हॅलऐवजी ईनोएंट (अशी फाइल नाही) जाऊ लागला आणि डेस्कटॉपवरचे चालते प्रोग्रॅम बिघडले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्यावर जे भडकले ते अजून लोक सांगतात. त्यांचं म्हणणं दोन पदरी होतं: आयओसीटीएलला तो कोड शोभत नाही, आणि मुळात चालतं ॲप मोडणारा बदल म्हणजे कर्नलचाच बग. तेव्हा ॲपच्या कोडमध्ये एररनोची तुलना कुठे कुठे केली आहे ते आधी शोधा. कुणी 'एररनो १ असेल तर पुन्हा प्रयत्न कर' असं लिहून ठेवलं असेल, तर ड्रायव्हर आणि ॲप एकत्रच बदलावे लागतील. आर्द्रतेचे धन आकडे ॲप वाचत असेल तर तेही तसंच.

क्रम विचाराल तर तापमान आजच बदला. ते थांबवता येत नाही, माल सडतोय. त्यानंतर प्रोबमधला ईनोडेव्ह. मग रिले, ॲपसकट. आर्द्रता शेवटी, कारण तिथे ॲपशी गुंतागुंत जास्त आहे. सगळं एका पॅचमध्ये करून रिव्ह्यूला टाकू नका, नाहीतर सर 'नंतर बघू' म्हणतील आणि यावेळी त्यांचं चूक नसेल.

रिलेचं झालं की सुडो काढायला लावा. युडेव्हच्या (डिव्हाइस फाइलींची परवानगी ठरवणाऱ्या सेवेच्या) नियमाने डिव्हाइस फाइलला वेगळा ग्रुप द्या, ॲप साध्या यूजरखाली चालवा. आणि ॲपच्या पडद्यावर लायब्ररीचे तयार इंग्रजी संदेश दाखवू नका. ईटाइम्डआउटचा तयार संदेश 'कनेक्शन टाइम्ड आउट' असा येतो. तो वाचून तुमचा टेक्निशियन शीतगृहाचा वायफाय राउटर बदलून येईल. ईएनएक्सआयओला 'सेन्सरची वायर तपासा', ईटाइम्डआउटला 'सेन्सर अडकला, वीज बंद-चालू करा', ईबॅडएमएसजीला 'आर्द्रतेची केबल काँप्रेसरपासून दूर घ्या', आणि ईपर्म खरंच आला तर 'कंपनीला फोन करा', असं मराठीत लिहा.